पक्ष्यांची विष्ठा, संत्री आणि कस्टम्सची तिजोरी: अमेरिकेचं साम्राज्य कागदावर कसं चाललं

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेनं कुठे व्हाइसरॉय नेमला नाही, लंडनच्या इंडिया ऑफिससारखं वसाहतींचं खातं काढलं नाही, तरी १८९८ नंतरच्या अमेरिकेला 'साम्राज्य' म्हणतात. मग ते चालायचं कसं? आणि एकाच सुमारास हाती आलेल्या प्रदेशांपैकी हवाई राज्य झालं, फिलिपिन्स स्वतंत्र झालं, कॅरिबियनमधलं पोर्तो रिको मात्र अजून लटकलेलंच आहे, असं का?

पहिली दुरुस्ती: खातं होतं. पाटीवर 'वसाहत' हा शब्द तेवढा नव्हता. डिसेंबर १८९८ मध्ये वॉशिंग्टनच्या युद्ध खात्यात एक विभाग निघाला, त्याचं नाव 'डिव्हिजन ऑफ कस्टम्स अँड इन्सुलर अफेअर्स'. नावात कस्टम्स आधी आणि बेटं नंतर, हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा कारभार त्याच क्रमानं चालला. १९०२ मध्ये हा विभाग 'ब्युरो ऑफ इन्सुलर अफेअर्स' झाला आणि १९३९ पर्यंत टिकला. त्याच्या धोरणाचं सार एका ओळीत सांगता येतं: बंदर हवं, जमीन हवी, जकातीचा पैसा हवा, पण तिथली माणसं मतदार म्हणून नकोत. ही अडचण सोडवण्यासाठी जी कायदेशीर हत्यारं घडवली गेली, ती एकेक पाहू.

सुरुवात १८९८ मध्ये झाली, असं बहुतेक जण धरून चालतात. ती खरं तर पक्ष्यांच्या विष्ठेपासून झाली. ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर. त्यात नत्र आणि फॉस्फेट भरपूर, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकी शेतीला त्याची प्रचंड भूक होती. चांगला माल पेरूकडे आणि भाव पेरू ठरवणार, म्हणून १८ ऑगस्ट १८५६ रोजी काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, ग्वानो बेटांचा कायदा केला. कोणाही अमेरिकी नागरिकाला ग्वानो असलेलं बेट, खडक किंवा प्रवाळबेट सापडलं, दुसऱ्या कुठल्या सरकारची तिथे कायदेशीर सत्ता नसली, वस्ती नसली आणि त्यानं शांततेनं ताबा घेतला, तर राष्ट्राध्यक्ष आपल्या मर्जीनं ते बेट अमेरिकेशी 'संलग्न' मानू शकतील. करायचं एवढंच: परराष्ट्र खात्याकडे प्रतिज्ञापत्र द्यायचं, अक्षांश-रेखांश आणि ताब्याचा तपशील लिहायचा, हमीपत्र भरायचं. माल अमेरिकी नागरिकांनाच विकायचा, जहाजाला लावून दिला तर टनाला ८ डॉलर, जागेवर दिला तर ४ डॉलर, याहून जास्त भाव घ्यायचा नाही.

कायद्याची मेख एका कलमात आहे. ग्वानो उपसून झाल्यावर बेट ताब्यात ठेवण्याचं कुठलंही बंधन सरकारवर नाही. म्हणजे भूभाग 'आपला' आहेही आणि नाहीही. वकिलांच्या डोक्यात ही कल्पना तेव्हाच रुजली. तिची कसोटी लागली हैतीजवळच्या नवासा बेटावर. बाल्टिमोरहून नेलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी १८८९ मध्ये तिथल्या भयानक परिस्थितीविरुद्ध उठाव केला आणि ५ मुकादम मारले गेले. आरोपींच्या वकिलांचा मुद्दा साधा होता: हे बेट अमेरिकेचंच नाही, मग अमेरिकी कोर्टाला अधिकार कुठून आला? १८९० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बेट कोणाचं हे ठरवणं सरकारचं काम आहे आणि सरकारनं ते आपलं मानलं आहे. फाशीच्या शिक्षा पुढे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कमी केल्या, पण तत्त्व पक्कं झालं. नवासावर हैतीचा दावा आजही आहे.

हवाईची गोष्ट थोडक्यात. १८७५ च्या करारानं हवाईच्या साखरेला अमेरिकेत शुल्कमाफी मिळाली आणि बेटांची सगळी अर्थव्यवस्था उसाला बांधली गेली. १८९० च्या मॅकिन्ले टॅरिफनं सगळ्यांच्याच कच्च्या साखरेवरचं शुल्क काढलं आणि अमेरिकी उत्पादकांना पौंडामागे २ सेंट अनुदान दिलं. हवाईच्या मळेवाल्यांचा फायदा एका फटक्यात गेला. तो परत मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे स्वतःच 'अमेरिकी' होणं. जानेवारी १८९३ मध्ये त्यांच्या गटानं राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं. 'बॉस्टन' या युद्धनौकेवरचे सैनिक त्या वेळी होनोलुलूच्या रस्त्यावर उतरलेले होते. विलीनीकरणाच्या तहाला सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाची, दोन-तृतीयांश मतं लागतात. १८९७ मध्ये २१ हजारांहून जास्त हवाईवासींच्या सह्यांचं निवेदन वॉशिंग्टनला गेलं आणि ती मतं काही जमेनात. मग तह बाजूला ठेवला आणि ७ जुलै १८९८ रोजी दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव केला, कारण त्याला साधं बहुमत पुरतं. १९०० च्या कायद्यानं हवाईला राज्यघटना आणि नागरिकत्व दोन्ही लागू केली. पुढे १९५९ मध्ये हवाई राज्य होऊ शकलं, त्याचं बीज या कायद्यात आहे.

आता १८९८ चं अमेरिका-स्पेन युद्ध. क्यूबा, पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपिन्स तेव्हा स्पेनच्या वसाहती होत्या. अमेरिकेचे कमोडोर ड्यूई यांनी १ मे १८९८ रोजी मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडवलं. १२ जूनला फिलिपिनो क्रांतिकारकांचे नेते एमिलियो आगिनाल्दो यांनी फिलिपिन्सचं स्वातंत्र्य जाहीर केलं. लुझोन बेटाचा बराच भाग तेव्हा फिलिपिनो सैन्याच्या हाती होता, स्पेनकडे मनिला शहर आणि थोडी ठाणी उरली होती. शस्त्रसंधी १२ ऑगस्टला झाली आणि मनिला पडली १३ ऑगस्टला, तीसुद्धा स्पॅनिश व अमेरिकी अधिकाऱ्यांनी आधीच ठरवलेल्या लुटुपुटीच्या लढाईत. फिलिपिनोंना शहरात शिरू द्यायचं नाही, यावर दोन्ही शत्रूंचं एकमत होतं!

हा एका दिवसाचा फरक पॅरिसच्या वाटाघाटीत नडला. शस्त्रसंधीनंतर घेतलेलं शहर जिंकलेलं धरता येत नाही, अशी स्पेनची बाजू होती. तोडगा म्हणून २ कोटी डॉलर देण्याचं ठरलं. 'अमेरिकेनं फिलिपिन्स विकत घेतलं' असं जे म्हणतात त्यामागे हा हिशेब आहे. पोर्तो रिको आणि ग्वामसाठी पैसे द्यावे लागले नाहीत. फिलिपिनोंचे दूत फेलिपे आगोन्सिलो पॅरिसमध्ये होते, त्यांना आत घेतलं नाही. १० डिसेंबर १८९८ च्या या तहातलं नववं कलम सगळ्यात महत्त्वाचं. रहिवाशांचे नागरी हक्क आणि राजकीय दर्जा काँग्रेस ठरवेल, असं ते सांगतं. लुईझियाना (१८०३) किंवा मेक्सिकोकडून घेतलेला प्रदेश (१८४८) यांच्या तहांत रहिवाशांना पुढे नागरिक करून घेण्याचं वचन होतं. इथे ते जाणूनबुजून गाळलं. सिनेटनं ६ फेब्रुवारी १८९९ रोजी तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला, गरजेपेक्षा फक्त १ मत जास्त. दोनच दिवस आधी मनिलाच्या वेशीवर अमेरिकी आणि फिलिपिनो सैन्यात लढाई पेटली होती.

ती लढाई अधिकृतपणे ४ जुलै १९०२ पर्यंत चालली. ४,२०० हून अधिक अमेरिकी सैनिक मेले. फिलिपिनो बाजूचे सुमारे २० हजार सैनिक आणि हिंसा, उपासमार व रोगराई यांत २ लाखांपर्यंत नागरिक मेले असावेत, असा अंदाज दिला जातो. क्यूबामध्ये स्पेननं खेड्यातल्या लोकांना छावण्यांत कोंडलं म्हणून अमेरिकी वृत्तपत्रांनी आकाशपाताळ एक केलं होतं. बातांगास प्रांतात जनरल बेल यांनी १९०१-०२ मध्ये नेमकं तेच केलं. समार बेटावर जनरल जेकब स्मिथ यांनी दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकणाऱ्या प्रत्येकाला मारण्याचा हुकूम दिला. कोर्ट मार्शल झालं, शिक्षा झाली ती नुसती समज देण्याची, मग राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना निवृत्त केलं.

इकडे कायद्याचा खरा पेच सुटला तो मात्र संत्र्यांच्या पेट्यांवरून. एप्रिल १९०० च्या फोरेकर कायद्यानं पोर्तो रिकोला नागरी सरकार दिलं आणि तिथून मुख्य भूमीत येणाऱ्या मालावर नेहमीच्या आयात शुल्काच्या १५ टक्के शुल्क बसवलं. न्यूयॉर्कचे व्यापारी सॅम्युअल डाउन्स यांनी सान हुआनहून संत्री मागवली, ६५९ डॉलर ३५ सेंट शुल्क निषेध नोंदवून भरलं आणि परताव्यासाठी दावा लावला. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटावा असा: शुल्क साऱ्या अमेरिकेत एकसारखं असावं असं घटना सांगते. न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया शुल्क नाही, तर सान हुआन ते न्यूयॉर्क का?

२७ मे १९०१ रोजी सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ असा निकाल डाउन्स यांच्या विरोधात दिला. बहुमतातल्या पाच जणांचंही कारणांवर एकमत नव्हतं, पण न्या. एडवर्ड व्हाइट यांची मांडणी पुढे कायदा होऊन बसली. त्यांनी प्रदेशांचे दोन प्रकार केले: अमेरिकेत 'समाविष्ट' झालेला आणि 'असमाविष्ट'. समाविष्ट प्रदेशाला पूर्ण घटना लागू. असमाविष्ट प्रदेश अमेरिकेच्या मालकीचा, पण अमेरिकेचा भाग नाही, आणि तिथे फक्त 'मूलभूत' हक्क लागू. मूलभूत म्हणजे कुठले, ते खटला येईल तसं कोर्ट ठरवणार. पोर्तो रिको आंतरराष्ट्रीय अर्थानं परदेश नाही, पण देशांतर्गत अर्थानं परकं आहे, असं हे तर्कट. गंमत म्हणजे त्याच दिवशीच्या दुसऱ्या, साखरेच्या खटल्यात कोर्टानं पोर्तो रिको शुल्क कायद्याच्या दृष्टीनं परदेश नाही असं म्हटलं. भांडणाचं मूळ असलेलं शुल्क दोन महिन्यांतच, जुलै १९०१ मध्ये रद्द झालं. संत्री सुटली, माणसं अडकली.

एवढ्याशा शुल्कासाठी काँग्रेस का हटून बसली होती? लक्ष पोर्तो रिकोवर नव्हतंच. ते होतं सत्तर लाखांहून जास्त लोकसंख्येच्या फिलिपिन्सवर. पोर्तो रिकोला घटना आपोआप लागू झाली तर फिलिपिन्सलाही होणार, मग तिथली साखर आणि तंबाखू विनाशुल्क येणार आणि माणसंही येणार. बीट साखरेच्या राज्यांना पहिली गोष्ट नको होती, दुसरी त्या काळच्या गोऱ्या राजकारणात जवळजवळ कोणालाच नको होती. साम्राज्याला विरोध करणाऱ्यांतही वंशद्वेषातून विरोध करणारे पुष्कळ होते. हे विसरलं तर १९०० च्या आसपासचे वाद उलटेच वाचले जातात.

नागरिकत्व दिलं की हक्क येतात, हा समजही चुकीचा ठरला. मार्च १९१७ मध्ये पोर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकी नागरिकत्व मिळालं. १९२२ मध्ये बाल्झाक नावाच्या संपादकाच्या बदनामी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नागरिक असलात तरी प्रदेश असमाविष्ट आहे, म्हणून ज्युरीचा घटनात्मक हक्क तिथे नाही. तोच माणूस न्यूयॉर्कला राहायला गेला तर हक्क मिळतो. हक्क माणसाला चिकटत नाही, जमिनीला चिकटतो.

क्यूबाचं हत्यार वेगळं, आणि मराठी वाचकाला ते चटकन ओळखू येईल. युद्धाच्या सुरुवातीलाच टेलर दुरुस्तीनं क्यूबा न गिळण्याचं वचन काँग्रेस देऊन बसली होती. म्हणून १९०१ मध्ये लष्कराच्या खर्चाच्या विधेयकाला प्लॅट दुरुस्ती जोडली. क्यूबानं स्वातंत्र्याला बाध येईल असा करार परक्या सत्तेशी करायचा नाही, उत्पन्नातून फिटणार नाही असं कर्ज काढायचं नाही, अमेरिकेला हस्तक्षेपाचा अधिकार मान्य करायचा, आरमारी तळासाठी जमीन द्यायची. आणि हे सगळं स्वतःच्या राज्यघटनेत लिहायचं, तोवर फौज हलणार नाही. क्यूबाच्या घटना समितीनं ते १६ विरुद्ध ११ मतांनी स्वीकारलं.

आता १८०२ चा वसईचा तह आठवा. दुसऱ्या बाजीरावानं कंपनीचं सहा हजारांचं पायदळ स्वीकारलं, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी न करण्याचं कबूल केलं. गादी पेशव्यांची, परराष्ट्र धोरण कंपनीचं. प्लॅट दुरुस्तीची घडण तीच आहे, पण दोन फरक आहेत. अमेरिकेनं महसुली मुलूख मागितला नाही. त्याऐवजी १९०३ च्या व्यापारी कराराने क्यूबाच्या साखरेला शुल्कात २० टक्के सूट दिली आणि अख्खं बेट एका पिकाला व एका गिऱ्हाइकाला बांधून टाकलं. दुसरा फरक कर्जाच्या कलमाचा. तैनाती फौजेच्या तहात ते नव्हतं. विसाव्या शतकात फौज उतरण्याचं निमित्त बहुतेक वेळा युरोपीय सावकारच असायचे, म्हणून दरवाजा तिथेच बंद केला.

प्लॅट दुरुस्ती १९३४ मध्ये रद्द झाली. क्यूबातल्या ग्वांतानामो या आरमारी तळाचा भाडेकरार मात्र राहिला, कारण दोन्ही पक्षांनी मिळून मोडल्याशिवाय किंवा अमेरिकेनं तळ सोडल्याशिवाय तो संपत नाही. सुमारे ४५ चौरस मैलांचं वर्षाचं भाडं ४,०८५ डॉलर. कॅस्ट्रो सरकारनं १९५९ चा एक चेक वटवला, पुढचे वटवले नाहीत.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कसबी हत्यार डोमिनिकन प्रजासत्ताकात वापरलं गेलं. आपल्याकडे म्हणतातच, नाक दाबलं की तोंड उघडतं. तिथे सरकारचं मुख्य उत्पन्न म्हणजे बंदरातली कस्टम्सची वसुली, आणि प्रत्येक बंडखोर आधी कस्टम हाउस ताब्यात घ्यायचा. १९०५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी अमेरिकी कलेक्टर बसवले. वसुलीचे ४५ टक्के डोमिनिकन सरकारला, बाकी खर्च वजा जाता न्यूयॉर्कच्या बँकेत सावकारांसाठी. सिनेट तह मंजूर करेना, म्हणून दोन वर्षं हे नुसत्या तात्पुरत्या समझोत्यावर चाललं. १९०७ च्या तहानं जुनी देणी कमी करून २ कोटी डॉलरचं नवं कर्ज उभं केलं. वसुलीचा क्रम ठरला: आधी कलेक्टरच्या कचेरीचा खर्च, मग व्याज, मग मुद्दल, आणि उरलं तर सरकारला. दर महिन्याच्या १ तारखेला १ लाख डॉलर कर्जफेडीसाठी बाजूला. पूर्ण कर्ज फिटेपर्यंत अमेरिकेच्या संमतीशिवाय सार्वजनिक कर्ज वाढवायचं नाही.

सुरुवातीला हे छान चाललं. वसुली वाढली, चोरी घटली. बिघडलं ते रचनेमुळेच. नोव्हेंबर १९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष कासेरेस यांची हत्या झाली, यादवी सुरू झाली, खर्च वाढला. उत्पन्नाचा वरचा भाग आधीच बांधलेला, कर्ज काढायला बंदी. मग सरकार काय करणार? पगार थकले, व्यापाऱ्यांची बिलं थकली. वॉशिंग्टननं या थकबाकीलाच 'नवं कर्ज' म्हणजे तहभंग ठरवलं आणि खजिना व पोलीस यांवरही ताबा मागितला. नकार मिळाल्यावर १९१६ मध्ये वसुलीतला सरकारचा वाटा रोखला, आणि नोव्हेंबरात सरळ लष्करी राजवट जाहीर केली. ती १९२४ पर्यंत राहिली. फौज टाळण्यासाठी आणलेल्या उपायानंच फौज आणली. शेजारच्या हैतीत तर डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी नौसैनिकांनी तिथल्या बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं. ताबा घेतला तो त्यानंतर सात महिन्यांनी.

फिलिपिन्स सुटलं कसं, याचं उत्तरही टॅरिफमध्येच आहे. पेसोची किंमत अर्ध्या डॉलरला बांधलेली होती. १९०९ आणि १९१३ च्या कायद्यांनी जवळजवळ मुक्त व्यापार आला, आणि साखर व खोबरेल तेल अमेरिकेत ओतलं जाऊ लागलं. मंदीत अमेरिकी बीट उत्पादक आणि दूधवाले (खोबरेल तेलापासून मार्गारीन होतं आणि ते लोण्याला मारक) ओरडू लागले. फिलिपिनो मजूर कॅलिफोर्नियात येत होते, त्यांना परकीय म्हणून अडवता येत नव्हतं. फिलिपिनो नेते स्वातंत्र्य मागत होतेच, आता अमेरिकी शेतकरी आणि कामगार संघटनाही तेच मागू लागल्या. १९३४ च्या टायडिंग्ज-मॅकडफी कायद्यानं दहा वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य कबूल केलं, विनाशुल्क साखरेवर ८ लाख ५० हजार टनांची मर्यादा घातली आणि स्थलांतराचा कोटा ठेवला वर्षाला ५० माणसं. ४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स स्वतंत्र झालं.

पोर्तो रिकोच्या बाबतीत असा दबाव तयार झाला नाही. लोक १९१७ पासून नागरिक, म्हणून त्यांना बाहेर ठेवता येईना. प्रदेश असमाविष्ट, म्हणून आत घेणं भाग पडेना. अमेरिकी बंदरांदरम्यानचा माल अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या जहाजांतूनच न्यायचा हा १९२० चा नियम तिथे लागू, पण राष्ट्राध्यक्ष निवडताना मत नाही आणि काँग्रेसमधल्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्क नाही. २०१६ मध्ये कर्ज ७० अब्ज डॉलरवर गेल्यावर काँग्रेसनं तिथल्या निवडून आलेल्या सरकारच्या डोक्यावर वित्तीय देखरेख मंडळ बसवलं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्या. गॉर्सच यांनी १९०१ चे निकाल टाकून द्यावेत असं लिहिलं, पण ते स्वतंत्र मत होतं, निकाल नव्हता.

एखाद्या अमेरिकी बेटाचा दर्जा तपासायचा असेल तर नकाशा, झेंडा, चलन यांवर जाऊ नका. तीन गोष्टी बघा: प्रदेश समाविष्ट की असमाविष्ट, काँग्रेसनं त्याच्या सरकारसाठी वेगळा कायदा केला आहे की नाही, आणि जन्मानं मिळतं ते नागरिकत्व की नुसतं 'नॅशनल' (अमेरिकेचा माणूस, पण नागरिक नव्हे) असणं. अमेरिकन सामोआत जन्मलेले लोक आजही नागरिक नव्हेत, नॅशनल आहेत. आणि आज समाविष्ट प्रदेश एकच उरलाय: पॅसिफिकमधलं पाल्मायरा प्रवाळबेट. १९०० च्या कायद्यात ते हवाईचा भाग होतं, १९५९ मध्ये राज्याच्या हद्दीतून वगळलं गेलं, पण दर्जा तसाच राहिला. अमेरिकेची पूर्ण राज्यघटना तिथे लागू आहे. कायमची वस्ती मात्र शून्य.